बिल पास होईपर्यंत: मोठ्या कंपन्यांच्या खरेदी आणि लेखा विभागांना खुलं पत्र

प्रति,
खरेदी विभाग प्रमुख आणि लेखा विभाग प्रमुख,
लहान वर्कशॉपकडून माल घेणाऱ्या सर्व मोठ्या कंपन्या

सप्रेम नमस्कार,

भोसरी एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) टर्निंगची तीन मशीन, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), दोन जुन्या लेथ आणि बारा-चौदा माणसं. बुश, पिन, स्पेसर, छोटे शाफ्ट असा माल आम्ही करतो. त्यातला काही थेट तुमच्या असेंब्ली लाइनवर येतो, काही तुमच्या मोठ्या वेंडरमार्फत येतो. डिप्लोमाला असताना आम्हाला टॉलरन्स, फीड, कटिंग स्पीड शिकवलं. पैसा कसा फिरतो, कुठे अडतो आणि अडला की शॉपमध्ये काय काय थांबतं, हे मात्र धंद्यानेच शिकवलं. हे पत्र त्याबद्दल आहे. तुम्हाला लिहितेय, कारण यातलं बरंचसं तुमच्या टेबलावर ठरतं.

आमच्या पट्ट्यात बंद पडलेली जी शॉप मी जवळून पाहिली, त्यातल्या बहुतेकांकडे शटर ओढायच्या दिवसापर्यंत काम होतं. पीओ, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरी, होत्या, मशीन दोन पाळ्यांत चालत होती, सीएने काढलेल्या ताळेबंदात नफाही होता. फक्त तो नफा दुसऱ्यांच्या खात्यात पडून होता. बाहेरच्या माणसाला वाटतं, लहान धंदा ऑर्डर नसल्याने बुडतो. तसंही होतं, पण ऑर्डर भरभरून असताना बुडणं जास्त पाहिलंय, कारण ऑर्डर वाढली की आधी घालायचे पैसेही वाढतात.

एका ऑर्डरचा हिशोब मांडते. महिन्याला २ लाखांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ हजार, म्हणजे २ लाख ३६ हजारांचं बिल. यातला जवळजवळ निम्मा पैसा ईएन-८ स्टीलच्या बारचा. स्टीलवाला आमच्यासारख्यांना फार तर पंधरा दिवस थांबतो, आणि रोख दिले तर किलोमागे भाव कमी लावतो. पगार ७ तारखेला. पीएफ आणि ईएसआयसी १५ तारखेच्या आत. जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत, तुमचे पैसे आले असोत वा नसोत. विजेचं बिल, इन्सर्ट (मशीनची कापणारी पाती), कूलंट, गाळ्याचं भाडं हे वेगळंच. तुमच्याकडून पैसे येतात ते ९० दिवसांनी. म्हणजे कुठल्याही दिवशी पाहिलंत तर या एका ऑर्डरचे आमचे ७ लाखांहून जास्त तुमच्याकडे अडकलेले असतात. सगळा खर्च जाऊन आम्हाला आठ-नऊ टक्के सुटतात, वर्षाचे साधारण २ लाख. त्या ७ लाखांसाठी कॅश क्रेडिटवर (बँकेच्या धंद्यासाठीच्या उचल खात्यावर) ११ टक्क्यांनी व्याज भरलं की ७७ हजार गेले. नफ्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग फक्त वाट पाहण्यात जातो.

यात बँकेचा आणखी एक फास आहे, तो तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसावा. कॅश क्रेडिट खात्यासाठी आम्ही दर महिन्याला बँकेला स्टॉक आणि येणी लिहून देतो, आणि त्यावरून आम्हाला किती पैसे उचलता येतील ते ठरतं. बँका सहसा ९० दिवसांच्या पुढची येणी त्यात धरतच नाहीत. म्हणजे तुमचं पेमेंट लांबलं की आमच्या हातचे पैसे तर जातातच, वर त्याच महिन्यात बँकेची मर्यादाही खाली येते. ज्या दिवशी उसन्या पैशाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवशी बँक कमी देते.

जीएसटीचंही तसंच. तुम्ही भरायचा कर तुमच्या आधी आम्ही सरकारला भरतो. आमचं बिल पोर्टलवर चढलं आणि माल तुमच्या आवारात आला की तुम्ही त्या कराचं क्रेडिट घेऊन टाकता. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तरच ते क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे जो कर तुम्ही आम्हाला अजून दिलेला नाही, त्याचा फायदा तुम्हाला सहा महिने मिळत राहू शकतो. हे बेकायदेशीर आहे असं मी म्हणत नाही. पण लहान वेंडरच्या बिलावर बसून राहताना हे डोळ्यांसमोर असू द्या एवढंच.

आता एक बिल अडलं कसं ते सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे एकट्या कुणाचं नाही. स्टील वाढलं म्हणून एका बुशचा दर ३८ रुपये ४० पैशांवरून ३८ रुपये ८० पैसे करायचं ठरलं. खरेदी विभागाने ईमेलवर होकार दिला. आम्ही नव्या दराने ५ हजार नगांचं बिल लावून माल पाठवला. माल गेटमधून आत गेला, तपासणीत पास झाला, लाइनवर चढला, गाड्यांमध्ये बसून बाहेरही पडला असेल. सिस्टीममध्ये मात्र पीओवरचा दर कुणी बदललाच नव्हता. बिल आणि पीओ जुळेनात, म्हणून बिल होल्डवर गेलं. आम्हाला ना ईमेल, ना फोन. पेमेंटची तारीख टळल्यावर मी विचारायला लागले, तेव्हा आधी "प्रोसेसमध्ये आहे", मग "पुढच्या रनमध्ये घेतो", आणि शेवटी कुणीतरी स्क्रीन उघडून पाहिल्यावर "मॅडम, रेट मिसमॅच आहे". नगामागे ४० पैसे, म्हणजे २ हजार रुपयांचा फरक. त्यासाठी करासकट २ लाख २८ हजार ९२० रुपये थांबलेले. दुरुस्त पीओ निघाली तेव्हा बिलाची तारीख नव्याने मोजायला घेतली. माल ज्या दिवशी आत आला तो दिवस हिशोबातून पुसूनच गेला.

बिल अडलं होतं त्या दोन महिन्यांत शॉपमध्ये काय चाललं होतं तेही सांगायला हवं. आमच्याकडे तपासणीच्या टेबलावर एक काकू बसतात. प्रत्येक बुशच्या आतल्या कडेवरून स्क्रेपर फिरवून बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढायची, कापडाने आतला कूलंट टिपायचा, मग प्लग गेज घालायचा. 'गो' बाजू आपल्या वजनाने आरपार गेली पाहिजे, 'नो-गो' तोंडाशीच अडली पाहिजे. गेज जरा जरी अडखळला तरी त्या नग बाजूला काढतात आणि ऑपरेटरला हाक मारतात, "दादा, इन्सर्ट बघ रे." तेवढ्या एका हाकेमुळे पुढचे शे-दीडशे नग वाचतात. तुमच्या लाइनला रिजेक्शन जात नाही ते यामुळे. त्यांचा पगार ७ तारखेलाच होतो, आणि तो त्याच दिवशी व्हावा म्हणून मी स्टीलवाल्याला थांबवलंय, माझं घरखर्चाचं खातं मोडलंय, एकदा बांगड्याही गहाण ठेवल्यात. कामगारांचा पगार लांबवायचा नाही ही आमच्या शॉपची पहिली शिस्त आहे, आणि या भागात माझ्या ओळखीची बरीच शॉप ती तशीच पाळतात. लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली माणसं खोल्या घेऊन राहतात, गावाकडे पैसे पाठवतात. त्यांना "बिल होल्डवर आहे" हे सांगून चालत नाही.

या सगळ्यातून मी माझ्या कामात काही गोष्टी बांधून घेतल्या. नवा दर पीओवर छापून आल्याशिवाय गाडी भरायची नाही, ईमेलवरचा होकार पुरेसा धरायचा नाही. चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ड्रायव्हरने परतायचं नाही. माल पोचून पंधरा दिवस झाले की "माल मिळाला, हरकत आलेली नाही" असं एक ईमेल टाकायचं. कुठल्याही एका कस्टमरचं काम एकूण धंद्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ द्यायचं नाही, मग त्याने कितीही गळ घातली तरी. आमच्या भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, मशीन बंद असतात, पण तुमची ऑफिसं चालू असतात. म्हणून गुरुवार हा माझा वसुलीचा दिवस. सकाळी वही उघडून बसते आणि एकेका बिलाचा माग काढते.

सर्वांत कामाला आलेली सवय म्हणजे दोन दरांचं कोटेशन. ३० दिवसांत पैसे असतील तर हा दर, ९० दिवस असतील तर तो दर. पहिल्यांदा असं कोटेशन पाठवलं तेव्हा खरेदीतले एक साहेब रागावले. मी त्यांना शांतपणे हिशोब दाखवला. उधारीचे दिवस हा दराचाच भाग असतो. तुम्ही घासाघीस करून नगामागे ५० पैसे कमी करता आणि पेमेंट दोन महिने लांबवता, तेव्हा पुढच्या कोटेशनमध्ये ते व्याज कुठेतरी मिसळलेलं असतंच. जो वेंडर ते मिसळत नाही, तो एक तर मालाच्या दर्जात हात आखडता घेतो किंवा वर्षा-दोन वर्षांत दिसेनासा होतो. मग तुम्ही नवा वेंडर शोधता, त्याचं ऑडिट करता, नमुना पास करता, पहिले काही लॉट रिजेक्शन सोसता. हा खर्च लेखा विभागाच्या कागदावर कुठे दिसत नाही, पण कंपनी तो भरतेच.

आता कायद्याकडे येते, कारण तो आमच्या बाजूचा आहे असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा म्हणतो की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. करारात ९० दिवस लिहून घेतले तरी कायद्यापुढे ४५ च. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे "जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) उशिरा झाली", "बिल या महिन्यात बुक झालं नाही" ही कारणं त्यात बसत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज द्यायचं. बँक रेट ६.७५ टक्के होता तेव्हा हा दर २०.२५ टक्के होत होता. हे व्याज खर्च म्हणून प्राप्तिकरात वजाही करता येत नाही. तक्रार करायला थकबाकीचे वाद ऐकणारी सुविधा परिषद आहे, २०१७ मध्ये त्यासाठी 'समाधान' पोर्टलही सुरू झालं, आणि परिषदेच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वाचताना वाटतं, याहून जास्त काय हवं?

पण मी चालू कस्टमरविरुद्ध परिषदेत कधी गेलेले नाही, आणि माझ्या ओळखीतलं कुणी गेलेलंही ऐकलं नाही. जे गेले त्यांचं त्या कंपनीशी काम आधीच संपलेलं होतं. ज्याला पुढची पीओ हवी आहे तो तुमच्याविरुद्ध अर्ज करणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही. तिप्पट व्याजाचं बिल आजवर कुठल्या शॉपने चालू कस्टमरला लावलंय? लावलं तर पुढच्या महिन्यात वेंडर लिस्टमधून नाव जाईल. कायदा आमच्या हातात दिला खरा, पण तो वापरायची ताकद तुमच्याच हातात राहिली. इतकी वर्षं हा धंदा करून मला कळलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

२०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम घातलं. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा करता येईल. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झालं. इथे तक्रार करायची गरजच नाही, उशीर केला की कर आपोआप वाढतो. त्या मार्चमध्ये कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आमची जुनी बिलं भराभर निघाली. पण त्याच सुमारास काही खरेदीदारांनी लहान पुरवठादारांना "उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर काम दुसरीकडे देतो" असं सांगायला सुरुवात केली. उद्यम म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, तिच्यावरच हे संरक्षण टिकतं. माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या शीट मेटलवाल्यालाही असा फोन आला होता. त्याने नोंदणी रद्द केली नाही, आणि त्याचं काम निम्म्यावर आलं. ज्या कंपनीत असा फोन करायची सूचना वरून निघाली असेल, तिथल्या लेखा प्रमुखांनी एकदा स्वतःला विचारावं की कर वाचवायला त्यांनी नेमकं कुणाचं संरक्षण काढून घेतलं.

ट्रेड्सची, म्हणजे बिलं बँकांना विकायच्या ऑनलाइन मंचाचीही गोष्ट अशीच. त्या मंचावर तुम्ही आमचं बिल मान्य केलं की बँका ते विकत घेतात. आम्हाला पैसे काही दिवसांत मिळतात, तुम्ही तुमच्या मुदतीत बँकेला देता, आणि व्याज तुमची पत पाहून लागतं म्हणून स्वस्त पडतं. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत त्यावर नोंदणी करणं सरकारने बंधनकारक केलं. नोंदणी बंधनकारक आहे, बिलं त्यावर टाकणं नाही. मी आमच्या कस्टमरना विचारलं तर दोघांकडून एकच उत्तर आलं, "हो, आम्ही रजिस्टर आहोत." पुढे काही नाही.

तुमच्याकडून नेहमी एक कारण ऐकू येतं, की आमच्याही वरच्यांचे पैसे उशिरा येतात. येत असतील. पण तुम्हाला बँक नऊ टक्क्यांनी पैसे देते आणि आम्हाला अकरा-बारा टक्क्यांनी, तेही घर तारण ठेवून. बँकेची मर्यादा संपली की माझ्यासारखी माणसं महिन्याला दोन टक्क्यांनी खाजगीत पैसे उचलतात. साखळीत सर्वांत महाग कर्ज सर्वांत लहान दुव्याच्या नावावर असतं, आणि सगळी उधारी शेवटी त्याच्यावर येऊन थांबते. सप्टेंबर आणि मार्चअखेरीस तर ताळेबंदात रोकड दिसावी म्हणून पंधरा-वीस दिवस पेमेंट रोखलं जातं. सप्टेंबरअखेरीच्या सुमारासच आमच्याकडे खंडेनवमीला मशीनला झेंडूचे हार चढतात आणि कामगार बोनसची विचारणा करायला लागतात. बोनस दिवाळीच्या आत हातात पडला तरच त्याला अर्थ.

वेळेवर पैसे देणाऱ्यांबद्दलही लिहायलाच हवं. माझा एक कस्टमर मध्यम आकाराचा आहे, पंप बनवतो. त्याचे पैसे ४५ व्या दिवशी येतात, कधी ४० व्या. आले नाहीत असा महिना नाही. बिलात काही चूक असेल तर त्यांच्या लेखा विभागातल्या बाई दुसऱ्या दिवशी फोन करतात. त्या माणसाची मशीन बंद पडली आणि त्याला अचानक शंभर नग हवे असले, तर आम्ही गुरुवारी शॉप उघडतो. स्टील वाढलं तरी चालू लॉट जुन्या दरात पूर्ण करून देतो. त्याच्या ड्रॉइंगमध्ये काही खटकलं तर माल करायच्या आधी सांगतो, कारण त्याचं नुकसान आम्हाला आमचं वाटतं. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नाही. तुम्ही वेंडर डेव्हलपमेंटचे कार्यक्रम घेता, हॉटेलात बोलावून ट्रॉफ्या देता, फाइव्ह-एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) आणि कायझेनचे (सतत सुधारणेचे) तक्ते लावायला सांगता. त्यातलं बरंच उपयोगाचंही असतं. पण ४५ व्या दिवशी खात्यात जमा झालेल्या पैशाइतका वेंडर कशानेच सुधारत नाही.

म्हणून आता मागणं. तुमच्या सिस्टीममध्ये उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु वेंडरना वेगळी खूण करा आणि त्यांचे दिवस गेटच्या शिक्क्यापासून मोजायला लावा, बिल बुक झाल्यापासून नको. बिल होल्डवर गेलं की त्याच दिवशी वेंडरला कारणासकट मेसेज जाऊ द्या. ज्या सिस्टीमला बिल अडवता येतं, तिला मेसेजही पाठवता येतो. दरात फरक निघाला तर वादातली रक्कम बाजूला ठेवा आणि बाकीचे पैसे सोडा, २ हजारांसाठी सव्वादोन लाख अडवू नका. ट्रेड्सवर नोंदणी केली असेल तर लहान वेंडरची बिलं तिथे टाका. खरेदी अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात दर किती कमी केला याच्या शेजारी लहान वेंडरचे पैसे सरासरी किती दिवसांत गेले हेही लिहा. दर सहामाहीला तुम्ही एमएसएमई-१ फॉर्म भरून ४५ दिवसांच्या पुढची थकबाकी सरकारला कळवता. ती यादी एकदा सही करण्याआधी स्वतः वाचा. तुमच्या लेखा विभागातली मुलं-मुली कामाच्या ढिगाऱ्याखाली असतात, आमचे फोन त्यांनाच झेलावे लागतात, आणि पैसे सोडायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. तो तुमच्याकडे आहे.

पुढचा फॉर्म ज्या महिन्यात भरायचा असेल, त्याच्या आधीच्या महिन्यात ती थकबाकी चुकती करायला निदान एका कंपनीने सुरुवात केली, तरी आमच्या रांगेतल्या गाळ्यांमध्ये ती बातमी संध्याकाळपर्यंत पोचेल.

कळावे,

आपली,
भोसरीतली एक मशीन शॉप मालक